परकी भाषा : कितवीपासून, कशाच्या जागी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जून महिना जवळ आला की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातल्या घराघरांत एकच विषय असतो. शाळा कोणती आणि माध्यम कोणतं? ते एकदा ठरलं की पालक सुटकेचा नि:श्वास टाकतात. मग मूल पाचवी-सहावीत गेल्यावर शाळेतून आणखी एक कागद येतो. त्यात ‘तृतीय भाषा’ असा रकाना असतो आणि पुढे पर्याय दिलेले असतात. कुठे हिंदी आणि संस्कृत, तर कुठे त्यांच्या जोडीला फ्रेंच आणि जर्मन. हा रकाना भरायला पालकांना फार तर दोन मिनिटं लागतात. कुणी म्हणतं, ‘जर्मन घेऊ या, पुढे जर्मनीला जाता येईल.’ कुणी म्हणतं, ‘संस्कृतमध्ये मार्क चांगले पडतात.’ आणि कुणी म्हणतं, ‘हिंदी शिकायची काय गरज? टीव्हीवरून येतेच.’

यातलं कुठलंच कारण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आईबाप मुलाच्या भल्यासाठीच विचार करतात. पण या एका रकान्यामागे सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं सरकारी धोरण, कोर्टाचे निकाल आणि बरेच वादविवाद आहेत. ते समजून घेतलं तर दोन मिनिटांचा निर्णय थोडा अधिक शहाणपणानं घेता येईल. म्हणून आज परकी भाषा आणि शाळा या विषयावर तुमच्याशी बोलायचं आहे.

परकी म्हणायचं कुणाला?

परकी भाषा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जर्मन, फ्रेंच, जपानी अशा भाषा येतात. इंग्रजीला आपण परकी म्हणायचं सोडून दिलं आहे. पण शाळेच्या धोरणात पहिली आणि सर्वांत मोठी परकी भाषा इंग्रजीच आहे. ती कितवीपासून शिकवायची, यावर आपल्या राज्यात जेवढा खल झाला तेवढा क्वचितच कशावर झाला असेल.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर होते. शिक्षण ही गोष्ट त्यांच्या जिव्हाळ्याची होती. पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढावी आणि ती आठवीपासून सुरू करावी, असं त्यांच्या सरकारनं ठरवलं. त्यामागचा विचार सरळ होता. बहुसंख्य मुलं सातवीच्या पुढे जात नव्हती. ज्यांना इंग्रजीचा पुढे उपयोगच होणार नाही, त्यांची तीन वर्षं तिच्यात का घालवायची? ती वर्षं मातृभाषेतून ज्ञान मिळवण्यात जावीत, अशी ती भूमिका होती.

त्यानंतर ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई राज्यानं आणखी कडक हुकूम काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन आणि युरोपीय वंशाच्या मुलांखेरीज इतर कुणाला प्रवेश द्यायचा नाही, असा तो हुकूम होता. नाशिकजवळ देवळालीला बार्न्स हायस्कूल आहे. ती शाळा चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी आणि प्रवेश नाकारलेल्या मुलांचे पालक कोर्टात गेले. उच्च न्यायालयानं हुकूम रद्द ठरवला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं. केवळ भाषेच्या कारणावरून नागरिकाला शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, हे त्या निकालाचं सार.

हा निकाल महत्त्वाचा अशासाठी की त्यानंतर इंग्रजी माध्यमाचं दार सरकारला बंद करता येणार नव्हतं. ज्याची ऐपत आहे तो आपल्या मुलाला बालवाडीपासून इंग्रजीत घालू शकत होता. ज्याची नाही त्याचं मूल मराठी शाळेत इंग्रजीची वाट पाहत बसणार होतं. आधी आठवीपर्यंत आणि पुढे पाचवीपर्यंत. आज पन्नाशी-साठीत असलेल्या मराठी शाळेतल्या मंडळींना पाचवीतली ती एबीसीडी आणि चार रेघी वही अजून आठवत असेल.

ही दरी बुजवण्यासाठी २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्यावर त्या वेळी बराच वाद झाला. मराठी मारायला निघालात, असा आरोप झाला. बाजूनं बोलणारे म्हणत, श्रीमंताच्या मुलाला तिसऱ्या वर्षी मिळणारी गोष्ट गरिबाच्या मुलाला दहाव्या वर्षापर्यंत का नाकारायची? दोन्ही बाजूंत तथ्य होतं. पण एक गोष्ट झाली नाही. पहिलीपासून इंग्रजी आल्यामुळे मराठी शाळांतून इंग्रजी शाळांकडे जाणारा ओघ थांबला नाही. पालकांना इंग्रजी हा विषय नव्हे, तर इंग्रजी हे माध्यम हवं होतं. पुढे सेमी-इंग्रजीचे वर्ग वाढले, तेही याच ओढीतून.

लवकर म्हणजे चांगलं?

इथे एक प्रश्न विचारायला हवा. परकी भाषा जितक्या लहानपणी सुरू करावी तितकी ती चांगली येते, असं आपण सगळे गृहीत धरतो. हे कितपत खरं आहे?

इंग्लंडमध्ये १९६४ ते १९७४ या दहा वर्षांत याचा मोठा प्रयोग झाला. तिथल्या प्राथमिक शाळांमध्ये आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकवायला सुरुवात केली आणि क्लेअर बर्स्टल यांच्या नेतृत्वाखाली हजारो मुलांच्या प्रगतीची पाहणी केली. आठव्या वर्षी सुरू करणारी आणि अकराव्या वर्षी सुरू करणारी मुलं पुढे सोळाव्या वर्षी तुलनेला घेतली. ऐकून समजण्याची बाजू सोडली तर लवकर सुरुवात केलेल्यांना म्हणण्यासारखा फायदा झालेला दिसला नाही. पुढे स्पेनमध्ये बार्सिलोना विद्यापीठातल्या कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास केला. तेवढेच तास दिले तर मोठी मुलं लहान मुलांपेक्षा वेगानं शिकतात, असं त्यांना आढळलं.

मग लहान मुलं भाषा पटकन उचलतात, हे आपण रोज डोळ्यांनी पाहतो, ते खोटं का? खोटं नाही. पण कुठे, हे पाहायला हवं. चाळीत शेजारी गुजराती कुटुंब असेल तर मूल सहा महिन्यांत गुजराती बोलू लागतं. कारण दिवसाचे कित्येक तास ती भाषा त्याच्या कानावर पडते. खेळायचं असेल, भांडायचं असेल, तर तिच्यावाचून चालत नाही. शाळेतल्या आठवड्याच्या तीन तासिकांत यातलं काहीच नसतं. तिथे भाषा समजून, पाठ करून, तुलना करून शिकावी लागते. आणि हे काम बारा वर्षांचं मूल सहा वर्षांच्या मुलापेक्षा चांगलं करतं.

कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मूल एका भाषेत वाचायला, अर्थ लावायला, मुद्दा मांडायला शिकलं की ती शिदोरी ते दुसऱ्या भाषेत घेऊन जातं. वाचन पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही, फक्त नवे शब्द आणि नवी लिपी शिकावी लागते. म्हणजे पहिल्या भाषेचा पाया जितका पक्का, तितकी पुढची भाषा सोपी. पहिली भाषाच अर्धवट राहिली तर मात्र पुढच्या सगळ्या भाषा अर्धवट राहण्याची भीती असते.

तिसऱ्या जागेची ओढाताण

आता परत त्या रकान्याकडे येऊ. ‘तृतीय भाषा’ ही जागा आली कुठून? १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात त्रिभाषा सूत्र मांडलं गेलं. आपल्याकडे त्याचा अर्थ मराठी, हिंदी आणि इंग्रजी असा झाला. पुढे हिंदीच्या जागेवर, किंवा निम्म्या जागेवर, संस्कृत आलं. दहावीला पन्नास गुणांची हिंदी आणि पन्नास गुणांची संस्कृत अशी संयुक्त भाषा घेतलेले कितीतरी जण हा कार्यक्रम ऐकत असतील. त्यातल्या बहुतेकांनी ती संस्कृतच्या प्रेमापेक्षा गुणांच्या प्रेमाने घेतली होती, हे आपण आपापसांत मान्य करू या. शहरातल्या काही शाळांत याच जागेवर फ्रेंच आणि जर्मन आल्या. अकरावी-बारावीतही दुसरी भारतीय भाषा सोडून परकी भाषा किंवा आयटी घेण्याची वाट अनेक मुलं धरतात. तिथेही हिशेब गुणांचाच असतो.

म्हणजे शाळेत परकी भाषा येते ती नेहमी कुणाच्या तरी जागेवर बसून. वेळापत्रकात तासिका ठरलेल्या असतात. त्या ताणता येत नाहीत. एक आत आली की एक बाहेर जाते.

याचा मोठा भडका २०१४ साली उडाला. अंबरनाथला आयुध निर्माणीच्या वसाहतीत केंद्रीय विद्यालय आहे, तशी हजारावर केंद्रीय विद्यालयं देशभर आहेत. त्यांची सूत्रं दिल्लीतून हलतात. २०११ मध्ये या संघटनेनं ग्योथे इन्स्टिट्यूटशी, म्हणजे आपण ज्याला मॅक्स म्युलर भवन म्हणतो त्या संस्थेशी, करार केला. सहावी ते आठवीत तिसरी भाषा म्हणून संस्कृतऐवजी जर्मन घेण्याची सोय झाली आणि देशभरातल्या सुमारे पाचशे विद्यालयांत जर्मन शिकवली जाऊ लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये, शाळेचं वर्ष निम्म्याहून अधिक झालेलं असताना, केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयानं ही सोय बंद केली. तिसरी भाषा भारतीयच हवी, जर्मन हवी तर जादा विषय म्हणून घ्या, असं सांगितलं. पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. जर्मनीच्या चान्सलर अँगेला मर्केल यांनी ब्रिस्बेनच्या जी-ट्वेंटी परिषदेत पंतप्रधानांकडे हा विषय काढला. अखेर त्या वर्षापुरती मुलांना संस्कृतच्या परीक्षेतून सूट मिळाली.

त्या वेळी संस्कृत श्रेष्ठ की जर्मन, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पण त्या वादात सहावी-सातवीतल्या मुलाची बाजू हरवली. त्यानं काही काळ जर्मन गिरवली आणि ती अर्ध्यावर सुटली. संस्कृतची सुरुवात तर झालीच नव्हती. तासिका दोन्ही भाषांच्या खर्ची पडल्या आणि हाती एकही आली नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं हा प्रश्न कागदावर तरी स्पष्ट केला आहे. तीन भाषांपैकी किमान दोन मूळ भारतीय हव्यात, असं ते धोरण सांगतं. कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन या भाषा माध्यमिक टप्प्यावर शिकवता येतील, असंही त्यात म्हटलं आहे. २०१९ च्या मसुद्यातली चिनी भाषा अंतिम यादीतून गळली होती. आता गंमत पाहा. तीनपैकी दोन भारतीय, म्हणजे परकीला जागा एकच, आणि ती जागा इंग्रजीनं आधीच अडवलेली. त्यात महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. बदलापूरमधल्या एखाद्या इंग्रजी शाळेतल्या मुलाच्या वाट्याला इंग्रजी आणि मराठी आल्या की तिसरी भाषा या धोरणानुसार भारतीयच हवी. जर्मन शिकायची तर ती चौथी. धोरणाच्या यादीत आठ परकी भाषा दिसतात, पण वेळापत्रकात त्यांना बसायला पाट नाही.

२०२५ साली आपल्या राज्यात याच तिसऱ्या जागेवरून जे झालं ते तुम्हाला आठवत असेल. १६ एप्रिलच्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा झाली. त्यावर राज्यभर विरोध उसळला. १७ जूनला दुरुस्ती आली. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस विद्यार्थी हवेत, तेव्हाच शिक्षक मिळेल, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल, असं त्यात म्हटलं होतं. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. वादाचा विषय हिंदी होता. पण पहिलीतल्या मुलावर तिसरी भाषा लादावी का, हा प्रश्न कुठल्याही भाषेच्या बाबतीत तितकाच खरा आहे. आणि ‘वीस विद्यार्थी असतील तर शिक्षक’ या अटीनं आपल्या भाषाधोरणाची खरी अडचण नकळत उघड केली. भाषा जाहीर करायला एक कागद पुरतो. शिकवणारा माणूस उभा करायला वर्षं लागतात.

थोडा हिशेब

एखाद्या शाळेत सहावी ते आठवी जर्मन शिकवतात, असं धरू. आठवड्याला तीन तासिका. सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन, गणपती, दिवाळी वजा जाता वर्षाचे चौतीस आठवडे हाती लागतात. म्हणजे वर्षाला शंभर तासिका आणि तीन वर्षांत तीनशे. तासिका पस्तीस मिनिटांची धरली तर एकूण साडेदहा हजार मिनिटं झाली.

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत. ए-वन ही पहिली, मग ए-टू, बी-वन अशा चढत्या. बी-वन म्हणजे रोजच्या व्यवहारात कुणाच्या मदतीशिवाय निभावून नेता येईल इतपत भाषा. ही पायरी गाठायला पंचेचाळीस मिनिटांचे साडेतीनशे ते साडेसहाशे पाठ लागतात, असं ग्योथे इन्स्टिट्यूट सांगते. आपली साडेदहा हजार मिनिटं म्हणजे असे सुमारे दोनशे तेहतीस पाठ. एकही तासिका बुडाली नाही, शिक्षक बदलला नाही, वर्गात मुलं कमी आहेत, असं सगळं जुळून आलं तरी तीन वर्षांनी मूल पहिली पायरी ओलांडून दुसरीवर पाय ठेवतं. आपलं नाव, गाव, घरची माणसं, किती वाजले, हे सांगू शकतं. आणि मग नववीत ती भाषा सुटते. दहावीपर्यंत त्यातलं किती उरेल, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून शाळेत जर्मन शिकू नये, असं मी म्हणत नाही. वेगळ्या भाषेची गोडी लागणं, तिचे उच्चार जिभेवर बसणं, दूरच्या देशाविषयी कुतूहल वाटणं याला मोल आहेच. पण ‘पुढे जर्मनीला जाता येईल’ हा हिशेब त्या तीन वर्षांच्या जोरावर मांडता येत नाही.

नोकरीसाठी भाषा हवी असेल तर ती पुढे शिकता येते, आणि अशा वेळी लोक झपाट्यानं शिकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. दहा हजार तरुणांना तिकडे पाठवण्याची ती योजना होती, आणि त्यांना आधी जर्मन शिकवण्याची जबाबदारी सरकारनं आपल्याकडे घेतली. शिकणारे सहावीतली मुलं नव्हती, परिचारिका, वायरमन, वाहनचालक अशा कामांतले तरुण होते. कामाची निकड असलेला माणूस रोज तीन-चार तास अभ्यास करतो, आणि शाळेतल्या तीन वर्षांइतके तास दीड-दोन महिन्यांत भरून काढतो. बदलापूरहून मुंबईला जायचं म्हटलं तर लोकलनं जाता-येता तीन तास मोडतात. आता ऑनलाइन वर्गांमुळे तेही वाचू शकतात.

उल्हासनगरचा धडा

आता मला तुम्हाला दोन स्टेशनं अलीकडे न्यायचं आहे. उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. कॅम्प एक ते पाच ही नावं अजून टिकून आहेत.

या मंडळींनी घरदार मागे टाकलं होतं, पण भाषा बरोबर आणली होती. त्यांनी सिंधी माध्यमाच्या शाळा काढल्या. पुढे १९६७ मध्ये सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. पण सिंधी शाळेतल्या मुलासमोरचं ओझं बघा. सिंधी बावन्न अक्षरांच्या अरबी लिपीत, उजवीकडून डावीकडे. मराठी आणि हिंदी देवनागरीत, डावीकडून उजवीकडे. इंग्रजी रोमनमध्ये. चार भाषा आणि तीन लिप्या. सिंधी देवनागरीत लिहावी की अरबीत, यावर समाजातही एकमत झालं नाही.

अल्पभाषिकांच्या शाळांत मराठी सक्तीची करावी का, हा प्रश्न गुजराती शाळांच्या निमित्तानं सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००४ मध्ये उषा मेहता खटल्यात न्यायालयानं राज्याच्या बाजूनं कौल दिला. ज्या राज्यात राहायचं तिथली भाषा शिकणं वावगं नाही, ही भूमिका योग्यच होती. पण भाषा चार झाल्या की कुठली तरी एक सुटणार, हेही तितकंच खरं होतं. आणि सुटली ती घरची. कुठल्याही सरकारनं सिंधी बंद करा, असं सांगितलं नाही. पालकांनीच हिशेब केला. इंग्रजीवाचून चालणार नाही, हिंदी बाजारात लागते, मराठी सरकारदरबारी लागते. सिंधी तर घरात आहेच. त्या हिशेबानं सिंधी माध्यमाच्या शाळा एकामागून एक बंद पडल्या किंवा इंग्रजी माध्यमाच्या झाल्या. आज आजोबांचं सिंधी पुस्तक वाचता येणारा नातू सहजी सापडत नाही. बऱ्याच घरांत मुलांशी हिंदीतच बोललं जातं. ‘घरात आहेच’ म्हणून जी भाषा शाळेतून सोडली, ती हळूहळू घरातूनही गेली.

याच समाजाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. सिंधमधल्या हैदराबादचे व्यापारी फाळणीच्या कितीतरी आधीपासून जगभर पेढ्या चालवत होते. जपानमधलं कोबे, स्पेनची कॅनरी बेटं, पनामा, हाँगकाँग. तिथल्या भाषा त्यांना कुठल्या शाळेनं शिकवल्या नव्हत्या. दुकानात उभं राहून, गिऱ्हाइकाशी घासाघीस करत ते स्पॅनिश शिकले, जपानी शिकले. गरज आणि सराव असला की परकी भाषा केव्हाही येते. घरची भाषा लिहायला-वाचायला मात्र लहानपणी शिकली नाही तर पुढे तिची गरजही पडत नाही आणि सरावही होत नाही.

हे सांगण्याचं कारण बदलापूर आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथून जागा परवडेनाशी झाली म्हणून मराठी कुटुंबं आधी डोंबिवलीला आणि मग बदलापूरला आली. २००१ मध्ये कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. इथे मराठी नाटक चालतं, गणपती आणि दिवाळी पहाट दणक्यात होते. म्हणून वाटतं, मराठीला काय धाड भरली आहे? ‘मराठी काय, घरात आहेच.’ हेच वाक्य दोन स्टेशनं अलीकडे पन्नास वर्षांपूर्वी सिंधीत बोललं गेलं होतं.

तीन प्रश्न

मग करायचं काय? एक उदाहरण मला आशादायक वाटतं. आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गाडीवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेनं मुलांनाच विचारलं, कुठली परकी भाषा शिकायला आवडेल? यंत्रमानव आणि तंत्रज्ञानाच्या ओढीनं बऱ्याच मुलांनी जपानी निवडली. आठवड्यातून काही तास ऑनलाइन शिकवणी सुरू झाली. कुठल्या भाषेच्या जागेवर नाही, शाळेच्या वेळापत्रकाबाहेर. मुलं मराठीतून शिकत होती, आणि त्या पायावर उभं राहून जपानीकडे हात पुढे करत होती. ती सगळी जपानी बोलू लागतील, असं नव्हे. पण क्रम बरोबर होता.

तेव्हा तो रकाना भरताना पालकांनी शाळेला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ही भाषा कशाच्या जागी येते आहे? तिच्यामुळे मराठीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या भाषेच्या तासिका कमी होणार आहेत का? दुसरा, ती कितवीपर्यंत चालणार? आठवीनंतर बंद होणार असेल तर तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, ते आताच ठरवा. आणि तिसरा, शिकवणार कोण? कायम नेमणुकीचा शिक्षक आहे, की दर वर्षी नवा माणूस येणार? पालकसभेत गणवेश, बस आणि फी यांवर आपण तासभर बोलतो. त्यातली दहा मिनिटं या प्रश्नांना द्यायला हरकत नाही.

एक चौथा प्रश्नही आहे, पण तो शाळेला विचारायचा नाही. माझं मूल आठवड्यातून एखादं मराठी पुस्तक, निदान रविवारच्या पुरवणीतलं एखादं पान, आपणहून वाचतं का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर त्या रकान्यात जर्मन लिहा, संस्कृत लिहा, काहीही लिहा. मूल निभावून नेईल. उत्तर ‘नाही’ असेल तर रकाना भरण्याआधी त्याला जवळ बसवा, एखादी गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवा, आणि पुढचं पान त्याला वाचायला सांगा.